त्याच रांजणात

हिवरवाडी, ता. जिंतूर
९ फेब्रुवारी १९८७

व्यंकटराव भावजी,

आशीर्वाद. तुमचं पत्र पोचलं. छताचं मातीचं माळवद उतरवून पत्रे टाका असं तुम्ही पुन्हा लिहिलंय, तर मीही पुन्हा लिहिते, टाकणार नाही. निम्मं घर तुमच्या नावावर आहे हे मला ठाऊक आहे. पण लोक मुक्कामाला येतात ते या मातीच्या घरासाठीच. पत्रे आणि सिमेंट त्यांच्याकडे भरपूर आहे.

चारठाण्याची देवळं बघायला येणाऱ्याला उतरायला जागा नाही, ही जुनीच अडचण. गुरुजी, तुमचे दादा, होते तेव्हा शाळा सुटली की पाहुण्यांना देवळं दाखवून आणायचे आणि आपल्या ओसरीवर उतरवायचे. ते गेले त्याला चार वर्षं झाली, पण पाहुणे यायचे थांबले नाहीत. मग मी तरी का थांबवू?

यंदा आपलं घर पुरेना म्हणून दोघांना शेजारी तानुबाईकडे ठेवलं, दोघींना कडूबाईकडे. भाकरीच्या पाळ्या आम्ही तिघींनी वाटून घेतल्यात. कडूबाई आजवर परक्या माणसापुढं तोंड उघडत नव्हती. गेल्या महिन्यात पुण्याच्या शिकाऊ आर्किटेक्ट मुलींना भाकरी थापायला बसवलं तिनं, आणि एकीचीही धड होईना तेव्हा त्यांना अशी काही बोलली की मी हसून बेजार झाले. नवरा दारात उभा राहून ऐकत होता. आपल्या बायकोला एवढं बोलता येतं हे त्याला पहिल्यांदाच कळलं असावं.

गुरुजींचा नेम मी मोडलेला नाही. पाहुण्यानं आल्या दिवशी अंगणातल्या आडातून एक घागर शेंदायची, घरातल्या रांजणात ओतायची आणि वहीत नाव लिहायचं. मग तो पाहुणा राहत नाही, घरचा होतो. पुण्याच्या पाचही मुलांनी घागरी ओतल्या. त्यानंतर तुमच्या औरंगाबादहून पंडित नावाचे एक अभ्यासक आले. मातीच्या घरांवर प्रबंध लिहितात. आठ दिवस राहिले, घराचा इंच न् इंच मोजला. त्यांनीही घागर ओतली.

तुमच्या विमलचं सोनपेठचं स्थळ कुठवर आलं ते कळवा.

सुमंगला


औरंगाबाद
२३ फेब्रुवारी १९८७

ती. वहिनी,

नमस्कार. काल आपल्या वाडीचे पोलीस पाटील बन्सीधर घरी येऊन गेले. जेवले नाहीत, चहासुद्धा कसाबसा घेतला. त्यांनी जे सांगितलं ते मला तुमच्या पत्रातून कळायला हवं होतं.

पंडितांबद्दल तुम्ही चार ओळी लिहिल्यात, नुसतं पहिलं नाव दिलंत आणि आडनाव तेवढं गाळलंत. ते बौद्ध आहेत. त्यांनी आपल्या आडाचं पाणी शेंदलं, आपल्या रांजणात ओतलं आणि ते पाणी सगळे प्यायले. तानुबाई, कडूबाईसुद्धा. गावाला हे मागाहून कळलं.

मी जातपात मानत नाही, तुम्ही जाणता. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बौद्ध गृहस्थ आहेत, आम्ही एका किटलीतला चहा पितो. पण नामांतराचा विषय निघाला की तीच दोन टेबलं बोलायची थांबतात. शहरात हे असं, तर वाडीत काय होईल? अठ्ठ्याहत्तर साल विसरलात का? बौद्धांची वस्ती पेटली तेव्हा दादा आणि तुम्ही दाराला कडी लावून आठ दिवस आत बसला होता. दादांसारखा माणूस घाबरला होता.

शिवाय सोनपेठला मुलाच्या आईच्या, पार्वतीबाईंच्या, कानावर हे गेलंय. विमलचं लग्न ठरता ठरता मोडलं तर मी कुणाला तोंड दाखवू? बन्सीधर म्हणतात, नवा रांजण आणा, विषय मिटेल. वहिनी, एक मातीचं भांडं आहे ते. बदला.

तुमचा,
व्यंकट


हिवरवाडी
४ मार्च १९८७

भावजी,

पाटील तुमच्याकडे येण्याआधी माझ्याकडे येऊन गेले होते. पायरीच्या खाली उभे राहून म्हणाले, "मास्तरीणबाई, त्या पोराशी आमचं काय वाकडं न्हाई. तेवढा रांजण फोडा आन् दुसरा आना. गावाला दिसलं की झालं. बाकी मी बघून घेतो."

मी म्हटलं, "पाटील, तुमच्या जावयानंबी याच रांजनात घागर ओतली होती. तवा न्हाई फोडला, मग आताच का फोडू?" ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रांजणातलं पाणी उपसून मिळेल त्या भांड्यात भरून ठेवलं. रांजण आडवा करून गडगडत ओसरीच्या पुढच्या खांबाशी आणला, रस्त्यावरून दिसेल असा, आणि तेच पाणी त्यात परत ओतलं. थेंब सांडू दिला नाही. आता तो तिथून हलणार नाही.

तुम्ही अठ्ठ्याहत्तरची कडी काढलीत म्हणून एक सांगते. कडी दादांनी नाही, मी लावली होती. ते उघडा म्हणत होते. दुसऱ्या दिवशी भर दुपारी दारावर थाप पडली. बाईचा आवाज होता, कडेवर मूल असावं, ते रडत होतं. पाणी मागत होती. मी दाराला पाठ लावून उभी राहिले आणि गुरुजींना हातानं मागं सारलं. थोड्या वेळानं आवाज गेला. त्या दिवसानंतर गुरुजी त्याबद्दल मला एका शब्दानं बोलले नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं. घागरीचा नेम त्यांनी त्याच दिवाळीपासून सुरू केला. कशासाठी ते त्यांनी सांगितलं नाही, मला कळत होतं.

तेव्हा मातीचं भांडं आहे असं मला परत लिहू नका.

सुमंगला


औरंगाबाद
२० मार्च १९८७

ती. वहिनी,

तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं. पण झालं त्याची भरपाई विमलनं करायची का? तिचा यात काय दोष?

पार्वतीबाईंनी निरोप धाडलाय, वैशाखापर्यंत वाट बघतो म्हणून. गावानं तुमच्याकडे येणं-जाणं बंद केल्याचंही कळलं. तानुबाईनं पाहुणे घेणं सोडलं, कडूबाईनं पाहुण्यांच्या गोधड्या भिंतीवरून परत टाकल्या, खरं ना? हे तुम्ही मला लिहिलं नाहीत. आता एक विचार करा. मिरगाआधी माळवदावर माती कोण टाकणार? ते एकट्या बाईचं काम नाही. दरसाल सगळी आळी एकमेकांच्या माळवदावर चढते म्हणून ती घरं उभी आहेत. यंदा तुमच्याकडे कुणी चढणार नाही आणि पहिल्याच मोठ्या पावसात छत खाली येईल.

माझा नाइलाज आहे. माझ्या वाटणीच्या खोल्यांना मी कुलूप लावणार. तिथं पाहुणा उतरवायचा नाही. मे महिन्यात येऊन काय ते करतो.

व्यंकट

ता. क. मोठी आई, पत्र टाकायला बाबांनी माझ्याकडे दिलंय. पाकीट मी वाफेवर उघडलं. रांजण हलवू नका. ज्यांना त्याची भीती वाटते त्यांच्या घरी मला नांदायचं नाही. हे बाबांना मी तोंडावर सांगितलंय, ते ऐकून घेत नाहीत. — विमल


हिवरवाडी
२४ मे १९८७

भावजी,

दोन महिने पत्र नाही म्हणून घाबरला नसाल, रागावला असाल. तुम्ही काही कुलूप घेऊन आला नाहीत. मीही बसून राहिले नाही.

गावातलं कुणी येणार नाही हे चैत्रातच कळलं. मी गुरुजींची वही उघडली आणि जे जे इथं राहून गेले त्यांना बारा कार्डं टाकली: तुम्ही या घरचे आहात असं वहीत लिहून गेलात, घराच्या डोक्यावर माती टाकायची आहे, या. सहा जणांचं उत्तर नाही. पुण्याची पाचही मुलं आली. पंडितांची परीक्षा आहे, ते येऊ शकले नाहीत, पण त्यांचं लांबलचक पत्र आलं.

आता हसायचं तर हसा. गेल्या मंगळवारी मी जिंतूरला वकिलाकडे गेले होते. दीर निम्म्या घराला कुलूप लावू शकतो का, हे विचारायला. वकील म्हणाला, "बाई, खोल्या वाटता येतील, पन वरचं माळवद एक हाय. त्याची वाटणी कशी करनार?" मी खुशीत परत आले तर मुलांनी मला खूश करायचं म्हणून एका दिवसात निम्म्या माळवदावर माती पसरून ठेवली होती. शेजारच्या शेतातली. काळीभोर. नेमकी तुमच्या बाजूवर.

मी शिडीवरच बसले. मुलं घामानं न्हालेली, हाताला फोड आलेले, आणि चेहऱ्यावर एवढा आनंद की ही माती चालत नाही हे मी अजून त्यांना सांगितलेलं नाही. त्यांच्या पुस्तकात "मातीचं छत" एवढंच लिहिलंय, कोणती माती ते लिहिलेलं नाही.

आणखी एक लिहायचं राहून गेलंय, ते लिहिल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. पंडितांनी घागर ओतली असं मी फेब्रुवारीत लिहिलं, ते जणू मीच ओतायला लावली अशा थाटात. तसं झालं नाही. ते आले तेव्हा नाव ऐकून मी म्हटलं, "इथं नुसतं पंडित सांगा, आडनाव नको." आणि "तुम्ही दमला असाल" असं म्हणून घागर मी स्वतः उचलली. त्यांनी विचारलं, "बाकीचे पाहुणे दमलेले नसतात का?" माझ्या हातातून घागर घेतली, आडावर गेले, भरून आणून ओतली, आणि वहीत पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट, ठळक.

पुढं त्यांनी घराचा नकाशा काढला तेव्हा मला विचारलं, "या घरात कोण कुठपर्यंत येतं?" मी सांगत गेले, ते रेघा काढत गेले. सोयरे स्वयंपाकघरापर्यंत, आळीतले माजघरापर्यंत, इतर ओसरीपर्यंत. एक रेघ पायरीच्या खाली, रस्त्यावर थांबली. ती काढताना त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, "ही तुम्हाला विचारून काढायची मला गरज नव्हती."

तेव्हा हिंमत माझी नव्हती, भावजी. त्यांची होती. मी फक्त ती परत करायला तयार नाही.

सुमंगला


औरंगाबाद
२९ मे १९८७

वहिनी,

काळी माती? माळवदावर? तुम्ही घरात असताना? (नव्हतात, ते वाचलं.)

आजच्या आज ती सगळी काढायला लावा. एक टोपलं राहता कामा नये. काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हात भेगाळते, आणि त्या भेगांतून सगळं पाणी घरात. हे लहान पोरालाही कळतं. पुण्यात शिकवतात तरी काय?

गावठाणाच्या टेकाडावरची पांढरी मातीच हवी. ओढ्याकडच्या अंगाची घ्या, वरची नको, वरच्यात खडे असतात. चाळून घ्या. टाकण्याआधी जुन्या मातीतलं गवत मुळासकट उपटा. उतार पन्हाळीकडे, चार बोटांचा, आणि मधे कुठं खळगा नको. पाणी शिंपडून एक दिवस मुरू द्यायचं, मग लाकडी चोपणं घेऊन ठोकायचं, कडेकडून मधे. दादा मला सांगायचे, चोपण्याचा आवाज बद्द येतो तोवर थांबायचं नाही, टणक आला की मग बस. दोन चोपणी माझ्याच खोलीच्या आढ्यावर आहेत. त्यातलं लहान माझं आहे. सातवीत असताना दादांनी करून दिलं होतं.

कुलपाचं नंतर बघू. आधी माती काढा.

व्यंकट


हिवरवाडी
७ जून १९८७

भावजी,

तुमचं पत्र मी मुलांना मोठ्यानं वाचून दाखवलं. "लहान पोरालाही कळतं" इथं सगळ्यांनी आपापली टोपली उचलली. मग काळी माती उतरवायला लागले.

दोन दिवस तानुबाई तिच्या माळवदावर शेवया वाळत घालून आमच्याकडे पाठ करून बसली होती. तिसऱ्या दिवशी मुलं पांढरी पसरायला लागली आणि उतार चुकला. पाणी पन्हाळीकडे नाही, तिच्या भिंतीकडे जाणार होतं. आधी ती खाकरली. मग मान वळवली. मग राहवेना.

"अगं ए मास्तरीण, तुज्याशी मी बोलणार न्हाई हे खरं हाय. पन ह्यो उतार कुनी काढला? पानी काय माज्या घरात घालायलाव?"

"तूच सांग मग कसा काढायचा."

"सांगून हुतंय का? सरका तिकडं." आणि कठड्यावरून पाय टाकून ती आमच्या माळवदावर आली. मी म्हटलं, "तानुबाई, पाटलांनी माझ्याकडं यायला बंदी केलीय ना?" ती म्हणाली, "दारातून जायचं न्हाई, आसं ठरलंय. माळवदावरनं जायचं न्हाई, आसं कुनी म्हनलं न्हाई."

दुपारपर्यंत त्याच वाटेनं आळीतल्या आणखी तीन बायका आल्या. माळवदाला माळवद लागलेलं, तुम्हाला माहीतच आहे. बायका ठोकतात आणि मुलं पाणी शिंपडतात, असं काम लागलं. तुमचं लहान चोपणं तानुबाईच्या हातात होतं. आवाज टणक यायला संध्याकाळ झाली.

मधे तहान लागली. सगळ्या शिडीनं खाली ओसरीवर उतरल्या आणि रांजणापुढं थांबल्या. रस्त्यापलीकडं पारावर बन्सीधर पाटील बसलेले, त्यांना सगळं दिसत होतं. खरं सांगते, मी तांब्याही पुढं केला नाही. तानुबाईनं पाटलांकडं बघितलं, पदरानं तोंड पुसलं, स्वतः तांब्या बुडवला आणि तिथंच, त्यांच्याकडं तोंड करून, घटाघटा प्याली.

"लय गार हाय," म्हणाली, आणि दुसरा भरून मागच्या बाईला दिला.

सगळं गोड झालं असं समजू नका. पाटील बोलत नाहीत. कडूबाई आली नाही, तिच्या नवऱ्यानं येऊ दिलं नाही. पण माळवद पक्कं आहे. दोन्ही बाजूंचं.

सुमंगला


औरंगाबाद
२ सप्टेंबर १९८७

वहिनी,

बरेच दिवस लिहिलं नाही, काय लिहावं ते सुचत नव्हतं.

सोनपेठचं प्रकरण संपलं. वैशाखात पार्वतीबाईंनी मुदत वाढवली होती, गेल्या आठवड्यात मुलाचे मामा आले. म्हणाले, बाकी काही नको, एका कागदावर लिहून द्या की हिवरवाडीच्या घराशी आणि तुमच्या वहिनीशी तुमचा संबंध नाही. कागद त्यांनीच आणला होता, मी फक्त सही करायची. वहिनी, मी पेन उघडलं होतं. खोटं सांगणार नाही. पण मी आठ वर्षांचा असताना तुम्ही लग्न होऊन आलात, आई नव्हती, माझ्या डोक्यातल्या उवा तुम्ही काढल्यात. संबंध नाही, याखाली माझ्या हातून सही होईना. मी म्हटलं, "कागद घेऊन जा." विमलनं आतून येऊन त्यांच्यापुढं पाण्याचा पेला ठेवला आणि म्हणाली, "पिऊन जा, आमच्या घरचं आहे." ते न पिताच गेले.

त्यानंतर शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांना मी पहिल्यांदा घरी जेवायला बोलावलं. एका किटलीतला चहा सात वर्षं प्यायलो, पण त्यांचं घर कुठं आहे हे मला माहीत नव्हतं.

दिवाळीत चार दिवस यावं म्हणतो. माळवद बघायचंय. माझ्या खोलीत जागा आहे ना?

व्यंकट


हिवरवाडी
१२ सप्टेंबर १९८७

व्यंकट,

भावजी लिहायला आज हात वळत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिते.

तुझी खोली मोकळी नाही. दिवाळीच्या सुट्टीसाठी लोकांनी श्रावणातच पत्रं टाकून ठेवलीत. तानुबाईचं घर भरलं. कडूबाईनं नवऱ्याला न विचारता दोघींना हो म्हणून टाकलंय, आणि गोधड्या भिंतीवरूनच परत नेल्यात.

एकच अंथरूण शिल्लक आहे, तुझ्याच खोलीत. त्याच्या शेजारचं पंडितांचं आहे. ते त्याच आठवड्यात येतायत, नकाशा पुरा करायला. पायरीखालची ती रेघ तशीच ठेवायची की नाही, असं त्यांनी विचारलं होतं. मी कळवलं, इथं येऊन चार दिवस राहा, बघा, आणि मग जी खरी दिसेल ती काढा. मी सांगेन ती काढू नका. आमच्या वाडीत ती अजून पुसलेली नाही, फक्त या एका पायरीवर पुसट झालीय.

तेव्हा नीट ऐक. पत्र्याचा विषय काढायचा नाही. वहीत नाव लिहावं लागेल, घरचा असलास तरी. आणि घागर शेंदून ओतावी लागेल, ओसरीवर, रस्त्यावरून दिसेल अशी, त्याच रांजणात. जमत असेल तर आठ दिवसांत कळव. नसेल तर ती जागा मी दुसऱ्याला देईन. मागणारे खूप आहेत.

सुमंगला


पोस्टकार्ड
औरंगाबाद, १७ सप्टेंबर १९८७

वहिनी, जागा कुणाला देऊ नका. माझं लहान चोपणं तानुबाईकडेच राहू द्या, पण पंडितांना सांगा की पन्हाळीचा उतार मी स्वतः मोजणार आहे. विमलही येतेय, तिला बायकांत झोपवा. आल्या दिवशी घागरी दोन धरा. एक भरदिवसा, पाटील पारावर असतील तेव्हा, मी आणीन.

— व्यंकट